सतरा नंबरची टोपली

विशाखा तारीने उभ्या आयुष्यात कुठे घाण म्हणून राहू दिली नव्हती, आणि नवऱ्याच्या जिवावर बेतलं तेव्हा नेमकं तेच आड आलं. अर्थात त्या पौषातल्या सकाळी तिला याचा पत्ता नव्हता. सारवणे गावाच्या खाडीत, होडीच्या कडेवर पोट टेकून तिने सतरा नंबरची टोपली पाण्यावर ओढली होती आणि आतल्या स्पंजवरून ती एकेक शेंबडी वेचत होती.

शेंबडी हे नाव खाडीवरच्या बायकांनी ठेवलेलं. शास्त्रात तिला लांबलचक नाव आहे, पण ती दिसते मात्र नावासारखीच. पाठीवर शंख नसलेली समुद्री गोगलगाय, पिवळी, बोटाच्या पेराएवढी, पुढे दोन बोथट शिंगं. स्पंजवर चिकटून बसते आणि हळूहळू कुरतडते. विशाखाने चार सापडल्या त्या चारही खडकावर भिरकावल्या. कावळे टपलेलेच होते.

"आज किती गावले?" शेजारच्या होडीतून शमीमने विचारलं. शमीम होडेकर तिची वीस वर्षांची जोडीदारीण. दोघींनी याच खाडीत कालवं फोडण्यात जन्म काढला होता.

"चार. आता कमी झालेत."

"तू त्या टोपलेक सोन्यासारखी जपतंस गो. माज्याकडच्या टोपल्यो बघ, नुसत्यो लोंबतत."

स्पंजवरची गाळाची पुटं विशाखाने मऊ ब्रशने झाडली, टोपली परत पाण्यात सोडली आणि दोर हातातून सुटेपर्यंत तिच्याकडे बघत राहिली. ती टोपली तिच्या नवऱ्याची होती. म्हणजे, तसं तिला वाटत होतं.

आता हे टोपलीचं प्रकरण नीट सांगायला हवं. स्पंज म्हटलं की तुम्हाआम्हाला भांडी घासायचं आठवतं. हा तो नव्हे. हा जिवंत प्राणी, पण याला दात नाहीत, कवच नाही, पळायला पाय नाहीत. खडकाला चिकटून दिवसभर समुद्राचं पाणी गाळायचं आणि पोट भरायचं, एवढाच त्याचा उद्योग. कुणीही यावं आणि खाऊन जावं असा हा जीव कोट्यवधी वर्षं टिकला तो भाडेकरूंच्या जोरावर. त्याच्या अंगात जंतूंची दाटी असते, काही स्पंजांमध्ये तर वजनाचा तिसरा हिस्सा जंतूंचाच. हे जंतू विषं बनवतात. त्यातली काही विषं भराभर वाढणाऱ्या पेशींना दुभंगूच देत नाहीत. आणि कॅन्सर म्हणजे तरी दुसरं काय, थांबायचं विसरलेल्या पेशी.

शास्त्रज्ञांना हे फार जुन्या काळापासून माहीत होतं. अडचण एकच, हे जंतू लहरी. काचेच्या भांड्यात नेले की एक तर मरायचे, नाही तर जगायचे पण काम करायचे नाहीत. घर सोडून त्यांना करमत नसे म्हणा. शेवटी दोन हजार एकेचाळीसच्या सुमाराला सारवण्याच्या संशोधन केंद्राने उलटा विचार केला. जंतूंना प्रयोगशाळेत आणण्यापेक्षा प्रयोगशाळाच खाडीत न्यायची.

रोग्याच्या गाठीचा कण केंद्रात यायचा. त्या पेशींवर आठशे जातींचे जंतू आजमावले जायचे. ज्या जातीचं विष त्या गाठीला मारेल आणि त्या माणसाच्या बाकी अंगाला सोडून देईल ती जात निवडायची, स्पंजच्या तुकड्यात पेरायची, तुकडा जाळीच्या टोपलीत आणि टोपली खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात. तीन महिन्यांनी निम्मा स्पंज कापून अर्क काढायचा, उरलेला निम्मा पुन्हा वाढत राहतो. एक रोगी, एक टोपली. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

टोपल्या सांभाळायला कालवंवाल्या सहा बायका ठेवल्या होत्या. खाडीचं पाणी त्यांच्याइतकं कुणाला कळणार? त्यांना टोपल्यांचे फक्त नंबर सांगितलेले, नावं नाहीत. आपल्या माणसाची टोपली कळली तर बाई तिला जास्त जपणार, मग कुठलं औषध कशामुळे उतरलं ते समजणार कसं, असं केंद्राचं म्हणणं. बरोबरच होतं ते.

पण विशाखाचा नवरा गुरुनाथ याच केंद्राचा रोगी झाला. स्वादुपिंडात गाठ, मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकलेले. केंद्राच्या डॉक्टर शर्वरी भागवत एकदा बोलता बोलता तिला धीर द्यायला म्हणाल्या, "काळजी करू नका विशाखाताई. काकांची टोपली तिजेच्या ओहोटीला सोडली." शर्वरी पुण्याची, तिशीची, पण तीन वर्षं या बायकांत राहून तिच्या तोंडी तारखांऐवजी तिथी बसल्या होत्या. विशाखाच्या डोक्यात लगेच दिवा लागला. कार्तिक शुद्ध तिजेला, सकाळी सातच्या ओहोटीला, तिने स्वतःच्या हाताने एक टोपली सोडली होती. सतरा नंबर.

त्या दिवसापासून सतरा नंबरला घरच्या तुळशीची सेवा मिळू लागली.

*

गुरुनाथ तारी रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या होता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. होडीने समुद्रात अर्धा वेढा घालायचा, दोन्ही दोर वाळूत आणायचे आणि पन्नास-साठ माणसांनी मिळून ओढायचे. जाळं वर आलं की माशांचे वाटे पडतात, आणि वाटे घालायचे तांडेलाने. सतरा वर्षं त्याने वाटे घातले आणि एकाही माणसाने कधी कुरकुर केली नव्हती. आता आधीच्या औषधांनी त्याचं पार चिपाड झालं होतं आणि तो ओटीवर खुर्चीत बसून राही.

"आज रापण आसा," दुपारी जेवताना तो म्हणाला. "वायच जावन येतंय."

"खय? त्या वाऱ्यात? बसा गप."

"दोरयेक हात लावचंय नाय. नुसता बघतलंय."

"घरातसून दिसता तेवढा बघा."

त्याने मान खाली घातली. विशाखाने त्याच्या ताटात बांगड्याचं तिखलं वाढलं, काटा काढून, भात मऊ कालवून. पाणी उकळून गार केलेलं, ताट उकळत्या पाण्यातून काढलेलं. घरात येणाऱ्या माणसाने आधी हात धुवायचे, मग पाय, मग लांबून बोलायचं. हळूहळू माणसं येईनाशी झाली होती. ते तिला बरंच वाटत होतं.

"चव लागता मां?" तिने विचारलं. रोजचा प्रश्न.

"लागता," तो म्हणाला. रोजचं उत्तर.

लागत नव्हती. गेले सात महिने त्याला भात, मासे आणि औषध एकसारखंच लागत होतं. तिला ते माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. मागे एकदा तिने मीठ घालायचं विसरून आमटी वाढली होती, तर तो पठ्ठ्या "मस्त झाली" म्हणाला होता. त्या दिवशी ती मागल्या दारी जाऊन रडली होती.

*

चार दिवसांनी शर्वरीने तिला आणि शमीमला केंद्रात बोलावून घेतलं. कापणीला तीन आठवडे होते. त्याआधी प्रत्येक टोपलीतला चिमूटभर स्पंज तपासतात, औषध किती तयार झालंय ते बघायला.

"एका टोपलीचं काहीतरी बिघडलंय," शर्वरी म्हणाली. "दिसायला सगळ्यांत सुंदर आहे. टवटवीत, भरलेली. जंतूही भरपूर. पण औषध जवळजवळ शून्य. कापणीला तिच्यातून काहीच निघणार नाही. तुमच्यापैकी कुणी सतरा नंबरमध्ये काही वेगळं केलंय का?"

विशाखा डॉक्टरांशी एरवी पुस्तकी बोलायची. घाबरली की मात्र मालवणीवर यायची.

"माज्याच हातान झाला ह्यां," ती म्हणाली. "त्या शेंबड्यो मीच काढलंय. येकूणयेक. रोज."

"रोज?"

"दोन म्हयने. ती माज्या घोवाची टोपली. खावक कशी दिवची त्या शेंबड्येक?" आणि ती मटकन खाली बसली. शमीमने तिला धरलं. मी मारलं त्याला, मी मारलं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

शर्वरीच्या डोक्यात दोन गोष्टी एकदम चालल्या होत्या आणि दोन्ही मोठ्या होत्या.

"विशाखाताई, इकडे बघा. सतरा नंबर काकांची आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमीच. तिजेची टोपली म्हणालात."

शर्वरीने कपाळाला हात लावला. "अहो, शुद्ध तीज नाही. वद्य. त्यांच्या गाठीचा कण आला आणि तीन दिवसांत टोपली पाण्यात, असं कसं होईल? जंतू निवडायलाच अडीच आठवडे लागतात."

खाडीवरच्या माणसाला दोन्ही तिजा सारख्याच. पंधरा दिवसांनी ओहोटी पुन्हा त्याच वेळेला येते, सकाळी सातला. डॉक्टर तिथी शिकली होती, पण शुद्ध-वद्य सांगायची सवय तिला लागली नव्हती. आणि वद्य तिजेला विशाखा खाडीत नव्हतीच, गुरुनाथला घेऊन सिंधुदुर्गनगरीला तपासणीला गेली होती. त्या दिवशी टोपली सोडली शमीमने.

"तेवीस," शमीम हळूच म्हणाली. "मी सोडलंय. पार तोंडाक, खडकाच्या भायर. थयसर कोण जायत नाय."

"मी काहीही सांगितलेलं नाही," शर्वरी घाईने म्हणाली, पण तिचा चेहरा सांगून मोकळा झाला होता. "आणि तेवीस नंबर आजच्या तपासणीत सगळ्यांत वर आहे. दुप्पट."

विशाखाला आधी बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तिच्या घशातून हसू फुटलं. मग तिला सतरा नंबर आठवला. तो कुणाचा तरी नवरा होता, नाही तर कुणाची आई. त्यांच्या घरीही कुणीतरी ताटात भात कालवून वाढत असेल आणि चव लागते का विचारत असेल. आपण हसलो याची तिला फार लाज वाटली.

*

दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी मिळून तेवीस नंबर बघायला गेल्या. टोपली एका बाजूने फाटली होती, वर शेवाळ, आत गाळ. स्पंज ठिकठिकाणी कुरतडलेला. आणि शेंबड्या मोजून बेचाळीस.

शर्वरी होडीत बसून ओल्या हातांनीच लिहीत होती. "सात वर्षं आम्ही हेच शोधतोय," ती म्हणाली. "काचेच्या भांड्यात जंतू विष का बनवत नाहीत? कारण तिथे कुणी खायला येत नाही. स्पंजला चावा बसला की त्याच्या अंगातून काहीतरी निरोप सुटत असणार, आणि त्या निरोपाने जंतू कामाला लागत असणार. दुश्मनच नसेल तर हत्यारं कशाला बनवायची? एवढं साधं. आणि आम्ही शेंबड्यांची नोंद कीड म्हणून करत होतो."

"मगे सतराक शेंबड्यो घातल्यो तर?" विशाखाने विचारलं.

"तर नऊ-दहा दिवसांत औषध भरायला लागेल. कापणीपर्यंत पुरेसं होऊही शकेल. पण शेंबड्या आणायच्या कुठून? हा स्पंज पचवणाऱ्या शेंबड्या या टोपल्यांवरच वाढतात, बाहेरच्या चालणार नाहीत. बाकी टोपल्यांवर चार-चार, पाच-पाच आहेत, त्यांना हात लावता येत नाही. जास्त आहेत त्या फक्त इथे." तिने तेवीसकडे बोट केलं. मग लिहिणं थांबवून विशाखाकडे बघितलं. "इथल्या निम्म्या काढल्या तर तेवीसचं औषध किती खाली येईल, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. एका रोग्याच्या टोपलीतून दुसऱ्याला द्यायचं तर ज्याची टोपली आहे त्याने हो म्हणायला हवं. त्याला नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे असंच मी सांगेन. तो नाही म्हणाला तर विषय संपला."

"कधी विचारणार?"

"उद्या सकाळी येते घरी. आज तुम्ही दोघं बोलायचं तर बोला. नाही बोललात तरी चालेल."

घरी येताना विशाखाच्या मनात काय आलं ते लपवण्यात अर्थ नाही. तिच्या मनात आलं, की आजच त्याला घाबरवून ठेवावं. तब्येत नाजूक आहे, औषध कमी पडलं तर संपलंच, असं दहा वेळा सांगावं, म्हणजे उद्या तो नाहीच म्हणेल. सतरावाल्याला काय कळणार? त्याला फक्त डॉक्टर सांगतील की तुमचं औषध उतरलं नाही. खाडीत असं होतं कधीकधी.

गुरुनाथ ओटीवर बसून समुद्राकडे बघत होता. रापण ओढणाऱ्यांचा हाकारा वाऱ्यावर येत होता. ती त्याच्या पायाशी पायरीवर बसली, हात न धुता बसली, आणि तिने सगळं सांगितलं. शुद्ध तीज, वद्य तीज, कावळे, शून्य, बेचाळीस. येताना मनात आलेलंसुद्धा सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं आणि तो चक्क हसायला लागला. हसता हसता खोकला आला.

"म्हणजे दोन म्हयने तू दुसऱ्याच्याच घोवाची सेवा करी होतंस," तो म्हणाला.

"हसतास काय?"

"बरा झाला माजी तुका गावली नाय. नायतर माजी पन घासून चकचकीत केली असतंस." मग त्याने तिचा हात हातात घेतला. तिच्या बोटांना खाडीचा वास होता. तो वास त्याला किती महिन्यांत आला नव्हता. "रापणीत वाटो कोणाक गो?"

उत्तर तिला माहीत होतं. गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. जो दोराला हात लावील त्याला. मग तो पहिल्यापासून ओढत असो की जाळं वाळूत आल्यावर धावत येऊन नुसता टेकवू दे.

"त्या मानसान खय हात लावल्यान?" ती शेवटी म्हणाली. "ता कोण, खयचा, आपणाक ठावक सुदीक नाय."

"तू लावलंस मां," गुरुनाथ म्हणाला. "दोन म्हयने माजी समजान सांभाळलंस. आता ती टोपली परक्याची कशी झाली?"

तिला रडू आवरेना. नाही म्हणा, एकदा नाही म्हणा, असं तिला ओरडून सांगायचं होतं, कारण तिला तो हवा होता. खुर्चीत बसलेला, हाडं निघालेला, खोटं खोटं चव लागते म्हणणारा, पण तिला तोच हवा होता. हेही तिने त्याला सांगितलं.

"माका पन तू होई," तो म्हणाला. "पन असो सात म्हयने घासून-पुसून कोंडून ठेवलेलो नको. त्या सतराच्या स्पंजासारखी माजी गत केलंस. माका जरा वारो लागांदे, मानसां येवंदेत, कोणतरी खोडी काढूंदे. मिया वाटो घालतलंय, पन एका अटीर. शेंबड्यो मी स्वतः काढतलंय. होडयेत बसान."

"त्या पान्यार?"

"त्या पान्यार."

*

सकाळी शर्वरी आली ती कागद आणि मोठं भाषण घेऊन. भाषण अर्ध्यावर असतानाच गुरुनाथने सही केली आणि चहा गार होतोय म्हणून सांगितलं.

पौष वद्य चतुर्थीच्या ओहोटीला होडी खाडीच्या तोंडाशी गेली. शमीम वल्ह्यावर, विशाखा मध्ये, गुरुनाथ कडेला. त्याला कानटोपी, दोन स्वेटर आणि वर शाल. शाल त्याने पहिल्याच वळणावर काढून ठेवली. विशाखाने शालीकडे बघितलं, मग खाडीकडे बघितलं आणि ती परत त्याच्या अंगावर घातली नाही. यासाठी तिला बरंच बळ लागलं.

तेवीस नंबर वर आली. आपली टोपली तो पहिल्यांदाच बघत होता. फाटकी, शेवाळलेली, ठिकठिकाणी खाल्लेली.

"माज्यासारखीच दिसता," तो म्हणाला आणि कामाला लागला.

दोन परातींत खाडीचं पाणी घेतलं होतं. त्याने रापणीत मासे टाकायचा तसाच वाटा घालायला सुरुवात केली. एक इकडे, एक तिकडे. एक इकडे, एक तिकडे. एकही शेंबडी त्याने दुखावली नाही. लहान-मोठीचाही मेळ बघत होता, एकीकडे मोठी गेली की दुसरीकडेही मोठी. शर्वरी बरोबरच्या होडीतून बघत होती. वजनकाट्याने याहून नीट वाटणी झाली नसती असं तिने नंतर आपल्या टिपणात लिहिलं. कालच्या बेचाळीसवर आज एक जास्त सापडली. एकवीस, एकवीस आणि एक उरली.

"ही ठेवा आपणाक," शमीम म्हणाली. "तुमची टोपली, तुमचो हक्क."

गुरुनाथने त्या उरलेल्या शेंबडीकडे जरा वेळ बघितलं. "त्या टोपलेचो दोन म्हयन्यांचो उपास आसा," तो म्हणाला आणि ती सतराच्या परातीत सोडली.

पुढचे वीस दिवस विशाखाचा जीव थाऱ्यावर नव्हता. रोज ओहोटीला ती दोन्ही टोपल्यांपाशी जाई आणि हात पाठीमागे धरून बघे. सतरा नंबरचा तिने निगुतीने वाढवलेला स्पंज दिवसेंदिवस कुरतडला जात होता. तिला ते बघवत नसे, पण ती बघत असे. घरी ओटीवर आता माणसं यायची, खाली बसायची, गुरुनाथशी गजाली करायची आणि चपलांची वाळू ओटीवर सोडून जायची. ती वाळू ती संध्याकाळी झाडायची, लगेच नाही.

माघात कापणी झाली. शर्वरी स्वतः घरी आली, दारातच उभी राहिली. तेवीसचं औषध घसरलं होतं, पण काकांच्या मात्रेला पुरेल एवढं होतं. अगदी काठोकाठ, एक थेंब वर नाही.

"आणि सतरा?" दोघांनी एकदम विचारलं.

"पुरलं," शर्वरी म्हणाली. तिला आणखी काही सांगायचं होतं, म्हणजे आता सगळ्या टोपल्यांवर शेंबड्या सोडणार आहेत, दुसऱ्या केंद्रांनाही कळवलंय, वगैरे. पण त्याऐवजी ती आत येऊन पाणी प्यायली.

*

औषध लागू पडायला वेळ गेला. चैत्रात गाठ थांबली, वैशाखात आकसायला लागली. वैशाखातल्या एका सकाळी गुरुनाथ काठी टेकत पुळणीवर गेला. रापण किनाऱ्याला येत होती. त्याने दोराला नुसते हात लावले, ओढायचं बळ नव्हतं. नव्या तांडेलाने वाटे घातले आणि एक त्याच्यासमोर ठेवला.

"आणि येक घाल," गुरुनाथ म्हणाला.

"कोणाचो?"

"सतराचो."

सगळ्या गावाला गोष्ट माहीत झाली होती. वाळूवर एक वाटा जास्त पडला, आठ बांगडे. विशाखाने ते चिरून, मीठ लावून सुकवले, केळीच्या सोपटात बांधले, वर 'तेवीसकडून' असा कागद खोचला आणि शर्वरीच्या टेबलावर नेऊन ठेवले.

"ताई, मी नाव सांगू शकत नाही," शर्वरी म्हणाली.

"नाव नको. बांगडे पोचवा. औषधाची पेटी जातेच ना, तिच्याबरोबर."

"पण ती माणसं मासे खात नसली तर?"

"मग शेजाऱ्याला देतील," विशाखा म्हणाली.

नियमात सुक्या बांगड्यांबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. शर्वरीने नियम दोनदा वाचून खात्री केली होती.

पावसाळ्याच्या तोंडावर औषधाची रिकामी पेटी परत आली तेव्हा तिच्यात जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. त्यावर कागद, त्यावर पेन्सिलीने नुसतं 'तेवीसला'. आत मोठाल्या, करड्या, वाळलेल्या चकत्या. विशाखाने असलं काही कधी पाहिलं नव्हतं.

"ह्यां काय चामडां?" ती म्हणाली.

"बिबडे आहेत," शर्वरी म्हणाली. "ज्वारीचे. खानदेशात करतात. भाजून, वर कच्चं तेल घालून खायचे." मग आपण काय बोलून बसलो ते तिच्या लक्षात आलं. विशाखा दुसरीकडे बघत होती.

त्या दुपारी विशाखाने चुलीवर एक बिबडा भाजला. घरभर ज्वारीचा खरपूस वास सुटला. कुठल्यातरी अंगणात, कडक उन्हात, कुणीतरी बसून हे थापलं होतं. म्हणजे ते सतराचं माणूस बसू शकत होतं, नाही तर त्याच्या उशापासून उठून त्याच्या माणसाला थापायला सवड होती. दोन्हीपैकी काहीही असलं तरी चांगलंच होतं. तिने तेल लावलं आणि ताटली गुरुनाथसमोर ठेवली.

त्याने तुकडा मोडला, चावला, बराच वेळ चावत राहिला. ती रोजच्यासारखं विचारायला विसरली.

"मीठ कमी आसा," गुरुनाथ म्हणाला.

विशाखा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने ताटलीतून एक बारका खडा उचलावा तसा बिबड्याचा कण उचलला आणि जिभेवर ठेवला. मीठ खरंच कमी होतं. ती उठली, मिठाची बरणी आणली, त्याच्यासमोर ठेवली, आणि तो चिमूट घेईपर्यंत तिथेच उभी राहिली.